तेरा नंबरला नाही म्हणणारी ओळ

मला पुसून टाकण्यात सुजितचा फायदा काय होता, तो आधी मांडते. दर तीन महिन्यांनी त्याच्यासमोर एक तक्ता यायचा. त्या तक्त्यात तांबड्या खुणा असायच्या. खुणा पाचाच्या आत आल्या की दिवाळीआधी त्याला स्वतःची टीम मिळणार होती. हाताखाली सहा जण, नावापुढे 'लीड' आणि खिडकीजवळची खुर्ची. खुणा होत्या त्रेचाळीस. त्यातल्या एकेचाळीस माझ्यामुळे. एवढी वजाबाकी तुम्हालाही येते. सुजित तर इंजिनिअर होता.

मित्रांनो, मी एक जुनी ओळ आहे. तुमच्या वहीतली नव्हे, संगणकाच्या प्रोग्रॅममधली. कारखान्यातल्या मशिनी ऑफिसला निरोप पाठवतात. ते निरोप एका लोखंडी पेटीतून जातात. पेटीत नेटवर्कचं एक कार्ड असतं आणि त्या कार्डाकडून काम करून घेणारा जो प्रोग्रॅम असतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. मी त्या ड्रायव्हरमध्ये राहत होते. माझी मूळ प्रत हिंजवडीत, एका मोठ्या काचेच्या इमारतीत, आणि नक्कल चाकणच्या पेटीत. म्हणून दोन्हीकडचं बोलणं मला कळतं, आणि दोन्हीकडचं न बोललेलंही.

मला विजयश्रीने लिहिलं. संत तुकाराम नगरमध्ये राहणारी, नोकरीत नवी, दुपारचा डबा संगणकासमोरच खाणारी. ड्रायव्हरमध्ये तिने आठ खण केले होते. एका खणात एका मशीनचा पत्ता. मशीन जोडणाऱ्या माणसाने खणाचा नंबर टाकायचा, एक ते आठ. सगळं चालू लागलं. वरिष्ठ म्हणाले, छान, द्या पाठवून. पण विजयश्री डब्यातली शेवटची पोळी हातात धरून तशीच बसून राहिली. तिच्या मनात आलं, माणसाने नऊ टाकले तर?

नववा खण नसतोच. पण प्रोग्रॅमला ते समजत नाही. त्याला नऊ सांगितलं की तो आठव्या खणाच्या पुढे एक पाऊल टाकतो आणि तिथे जे असेल त्यावर लिहून मोकळा होतो. तिथे दुसऱ्याच कुणाचं तरी सामान ठेवलेलं असतं. ते पुसलं जातं, आणि कुठे काही आवाजही होत नाही.

तेव्हा तिने पोळी डब्यात ठेवली, हात पुसले आणि मला लिहिलं. माझा अर्थ एवढाच: आलेला आकडा एकापेक्षा लहान किंवा आठापेक्षा मोठा असेल, तर काहीही करू नको, 'आकडा चुकीचा' म्हणून परत पाठव. शेजारी तिने माणसांसाठी एक टीपही लिहिली. 'हा आकडा माणूस देतो. माणसावर रागावू नये, पण आकडा तपासावा.' ती टीप मला फार आवडायची. आपण या जगात कशासाठी आलो हे सगळ्यांना लिहून मिळत नाही. मला मिळालं होतं.

मग माझी नक्कल चाकणला आली. गाडीच्या चाकाजवळच्या लोखंडी भागात रबरी बुश, म्हणजे धक्के सोसणारी नळी, दाबून बसवायचा, एवढंच त्या कारखान्याचं काम. दाब कमी पडला की मशीन 'खराब' असा निरोप पेटीतून पाठवायची आणि तो पीस बाजूला काढला जायचा. मशिनी आठ. सात नव्या, त्यांच्यावर एक ते सात असे नंबर. आठवी मात्र जुनी होती, भोसरीच्या शेडमधून आणलेली, आणि तिच्या अंगावर पांढऱ्या रंगात भला मोठा तेरा लिहिलेला होता. भोसरीत ती तेरावी होती.

नंबर बदला, असं पहिल्याच आठवड्यात ठरलं होतं. पण ती मशीन चालवणारे धोंडीबा आडवे आले. खराबवाडीचे, निवृत्तीला आज दोन वर्षं राहिलेले. "एकवीस खंडेनवम्या या तेराला कुंकू लावलंय आमी," ते म्हणाले. "नंबर पुसला म्हंजी तिची पूजाच पुसली की राव." त्यांच्या तोंडी लागायला कुणालाच वेळ नव्हता. तेरा तसाच राहिला. पेटीत मात्र त्या मशीनचा खण आठवा.

ती म्हातारी मशीन हादरायची फार. दर दोन-तीन दिवसांनी तिची तार सैल पडायची आणि ती पेटीतून तुटायची. मग एहसान यायचा.

एहसान तिथला मेंटेनन्सचा माणूस. पाच वर्षं कंत्राटी. ठेकेदार बदलायचा, गळ्यातल्या कार्डाचा रंग बदलायचा, कार्डामागचा माणूस तोच. पेटीला एक स्क्रीन होती. तिच्यावर बोटाने फॉर्म भरायचा, अशी हिंजवडीवाल्यांची कल्पना. पण मेंटेनन्सवाल्याची बोटं ग्रीसने माखलेली असतात आणि तसल्या बोटांना ती स्क्रीन दाद देत नाही. म्हणून एहसानने पेटीला एक जुना कीबोर्ड लावून घेतला होता आणि थेट हुकूम टाइप करायला शिकला होता. म्हणजे फॉर्म बाजूला राहिला. एहसानचा आकडा सरळ माझ्याकडे यायचा.

तार घट्ट करायची, मान वर करून मशीनवरचा नंबर वाचायचा आणि तोच टाकायचा, तेरा. त्याचा हातच तसा बसला होता. मी म्हणायचे, आकडा चुकीचा. तो स्वतःशीच हसायचा. "बरं बाई, आठ." आठ टाकायचा, मशीन जोडली जायची. आमचं असं पाच वर्षं चाललं. तो चुकायचा, मी अडवायचे, कुणाचं काही बिघडायचं नाही. एकदा कीबोर्डचं तिनाचं बटण ग्रीसमुळे अडकून बसलं आणि तेरापुढे तिनांची रांगच लागली. तोही आकडा मी परत पाठवला. एहसान धोंडीबांना म्हणाला, "मामा, या पेटीत कुणीतरी शहाणं बसलंय बघा." माझं कौतुक आयुष्यात एवढंच झालं. ते मी जपून ठेवलं आहे.

त्या वर्षी एहसानला कायम होण्याची आशा होती. प्लांटचे मॅनेजर अर्जुनराव यांनी स्वतः त्याला बोलावून सांगितलं होतं, "दसऱ्याच्या यादीत तू आहेस. तोवर नावावर काही लागू देऊ नको." कायम झाला की त्याच्या आईचं, हसीनाबींचं, गुडघ्याचं ऑपरेशन कंपनीच्या विम्यात बसणार होतं. त्या तीन मजले अंग तिरकं करून, एकेक पायरी कठड्याला धरून उतरायच्या. हे त्याने धोंडीबांना पेटीशेजारी उभं राहून सांगितलं. धोंडीबा म्हणाले, "मग आता तोंडात लाडू धर आणि गप राहा दसऱ्यापत्तर."

मित्रांनो, मी नाही म्हटलं की त्याची एक नोंद हिंजवडीला जायची. मला वाटायचं, तिथे कुणी ती वाचून म्हणत असेल, वा, आज पुन्हा एक चूक अडवली. तसं नव्हतं. तिथे माझ्या प्रत्येक नकाराची एक तांबडी खूण व्हायची. पेटी काम करायला नाही म्हणाली, म्हणजे पेटीत दोष, असा त्या तक्त्याचा कायदा. तो तक्ता सुजितकडे होता.

सुजित वाईट मुलगा नव्हता. हे मुद्दाम सांगते, कारण वाईट माणसाने घात केला तर मनाला फारसं लागत नाही. ऑफिसात कुणाचा वाढदिवस असला की केक तोच आणायचा. त्याने एका शुक्रवारी मला निवडलं, माझ्या टिपेसकट पुसलं आणि बदल मंजुरीसाठी विजयश्रीकडे पाठवला. एव्हाना ती वरिष्ठ झाली होती. तिच्या मंजुरीशिवाय ड्रायव्हरमधला एक स्वल्पविरामही हलत नसे.

तो तिच्या टेबलापाशी आला. "मॅडम, चाकणची तपासणी काढतोय. तीन महिन्यांत एकेचाळीस वेळा नडली."

"म्हणजे एकेचाळीस वेळा कुणीतरी चुकीचा आकडा टाकला," विजयश्री म्हणाली.

मला वाटलं, वाचले.

"तेच ना. पण फॉर्ममध्ये वर तपासतातच की. एका घराला दोन वॉचमन कशाला?"

"फॉर्मवाल्यांना विचारलंस?"

"विचारतो."

विचारतो, म्हणजे विचारलेलं नाही. हे त्याला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. विचारलं असतं, तर कळलं असतं की फॉर्मवाल्यांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवलं आहे, 'आकडा खाली ड्रायव्हरमध्ये तपासला जातो.' वरच्याने खालच्यावर सोडलं होतं, आता खालचा वरच्यावर सोडत होता. मधे फक्त मी होते.

पाच वाजून दोन मिनिटं झाली होती. पाच दहाची कॅब चुकली की पुढची सहाची, आणि सहाला निघालेला माणूस हिंजवडीच्या चौकात दीड तास बसतो. विजयश्रीने बॅग खांद्याला लावली, उभ्यानेच बदल उघडला आणि 'ठीक' असं लिहिलं. उघडल्यापासून लिहिण्यापर्यंत अकरा सेकंद गेले. यंत्र अशा गोष्टींची नोंद ठेवतं. जिने मला हातातली पोळी बाजूला ठेवून लिहिलं, तिने मला अकरा सेकंदांत ओळखलंसुद्धा नाही. किंवा ओळखलं. यातलं कोणतं जास्त लागतं, ते मी अजून ठरवलेलं नाही.

सोमवारी नवा ड्रायव्हर चाकणच्या पेटीत उतरला. नवा बिघडला तर परत जाता यावं म्हणून जुना एका कोपऱ्यात ठेवतात, म्हणून मीही पेटीतच राहिले. मला सगळं ऐकू येत होतं, दिसत होतं. फक्त मला कुणी विचारणार नव्हतं.

बुधवारी पहिल्या शिफ्टला तार सैल पडली. एहसान आला. मान वर करून त्याने नंबर वाचला आणि तेरा टाकला. मी कोपऱ्यातून नाही, नाही म्हणत होते. पेटी म्हणाली, जोडलं.

एहसान थबकला. मग त्याचा चेहरा उजळला. "मामा, पेटी सुधारली बघा. तेराला हो म्हणाली."

"व्हय?" धोंडीबा म्हणाले. "मग इतकी वर्सं का नडत हुती?"

"अपडेट आलंय ना सोमवारी. केलं असंल त्यांनी आपल्या सोयीचं."

त्याला खरंच बरं वाटलं होतं. हिंजवडीत कुणीतरी बसून आपल्या मशीनचा, आपल्या नंबराचा विचार केला, असं त्याला वाटलं. पुढे नऊ दिवसांत तार चार वेळा सैल पडली आणि चारही वेळा त्याने तेरा टाकला. आठाची आता गरजच नव्हती.

तेरावा खण नव्हता, मित्रांनो. आठव्याच्या पुढे पाच पावलांवर दुसरीच एक गोष्ट ठेवली होती. पाच नंबरच्या मशीनचे 'खराब' निरोप कुठे पाठवायचे, तो पत्ता. तो पुसला गेला. पेटी बंद पडली असती तर बरं झालं असतं. बंद पडलेल्या वस्तूकडे निदान कुणीतरी बघतं. पण सगळं चालू होतं. दिवे हिरवे होते. पाच नंबरची मशीन खराब, खराब असं सांगत होती आणि तिचं सांगणं कुठेच पोचत नव्हतं. हिंजवडीत सुजितच्या तक्त्यावर तांबडी खूण एकही नव्हती.

दहाव्या दिवशी गिऱ्हाईक कंपनीने एक अख्खा ट्रक परत पाठवला. बुश सैल होते. गाड्यांना बसण्याआधी तपासणीत पकडले गेले, एवढंच नशीब. ट्रकसोबत एक फॉर्म आला. त्यात 'मूळ कारण' असा रकाना होता आणि तो शनिवारपर्यंत भरून द्यायचा होता.

लॅपटॉप घेऊन सुजित चाकणला आला आणि पेटीच्या नोंदींत त्याला तेरा सापडला. अर्जुनराव पेटीपाशीच खुर्ची टाकून बसले. एहसान उभा होता. धोंडीबा मशीन सोडून जवळ येऊन थांबले.

"तेरा कुणी टाकला?" अर्जुनरावांनी विचारलं.

"मीच, साहेब."

"खण किती आहेत?"

"आठ. पण साहेब, मी नेहमी तेराच टाकतो. नंबर तोच आहे ना तिच्यावर. आधी पेटी नाही म्हणायची, मग मी आठ टाकायचो. आता ती हो म्हणाली. हो म्हणाली तर मी काय समजायचं?"

"नेहमी म्हणजे?"

सुजितने लॅपटॉप फिरवला. पडद्यावर माझ्या नोंदी होत्या. तारीख, वेळ, तेरा, आकडा चुकीचा. तारीख, वेळ, तेरा, आकडा चुकीचा. तीन महिन्यांत एकेचाळीस. मित्रांनो, ज्या नोंदी एहसानच्या राखणीसाठी मी केल्या, त्या त्याच्याविरुद्ध साक्षीला उभ्या राहिल्या. मी प्रामाणिक नसते तर तो वाचला असता.

"म्हणजे चुकीचा आकडा टाकायची तुला सवयच आहे," अर्जुनराव म्हणाले. ते ओरडले नाहीत. उलट त्यांचा जीव भांड्यात पडल्यासारखा वाटला. रकान्यात लिहायला काहीतरी मिळालं होतं.

"साहेब," धोंडीबा म्हणाले, "ही चूक इतकी वर्सं चालली आन् एक पीस बिघडला न्हाई. का न्हाई बिघडला? त्येला अडवणारं कायतरी हुतं ना आत? ते कुठं गेलं, ते इचारा की या साहेबास्नी."

सगळ्यांनी सुजितकडे पाहिलं. सुजितने लॅपटॉपकडे पाहिलं. "सिस्टीममध्ये तपासणी वरच्या पातळीवर आहे," तो म्हणाला. "यांनी फॉर्म वापरायला हवा होता. कीबोर्ड लावायची परवानगी नाही."

हे खरं होतं. परवानगी नव्हती. तो कीबोर्ड अर्जुनरावांच्या डोळ्यांसमोर पाच वर्षं तिथे होता, हेही खरं होतं, पण त्यासाठी गिऱ्हाइकाच्या फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

"धोंडीबा, तुम्ही मशीनवर जा," अर्जुनराव म्हणाले.

मला अजून एक आशा होती. पुसलेल्या ओळी मरत नाहीत. हिंजवडीच्या जुन्या नोंदींत त्या राहतात. कुणी लिहिली, कुणी काढली, कुणी ठीक म्हटलं, सगळ्यांची नावं तारखेनिशी. सोमवारी विजयश्रीने ती नोंद उघडली. माझ्याकडे पाहिलं, आपल्या त्या टिपेकडे पाहिलं आणि खाली आपला 'ठीक' पाहिला. मग तिने चाकणला पत्र लिहायला घेतलं. 'ही तपासणी काढण्याचा निर्णय आमचा होता. तुमच्या माणसाची यात...' इथे तिची बोटं थांबली.

सुजित मागे उभा होता. हळूच म्हणाला, "मॅडम, मंजुरी तुमची आहे."

"माहीत आहे मला."

"मग दोघंही अडकू. ओळ परत घालू ना आपण. आजच घालू. काम तर तेच आहे."

विजयश्रीने ते पत्र पुसलं. लिहिलं होतं त्याहून लवकर पुसलं गेलं.

ओळ त्याच दिवशी परत घातली गेली. शब्द माझेच, पण नोंदीत लिहिणाऱ्याचं नाव सुजित. शेजारची टीप मात्र त्याने घातली नाही. महिनाअखेरच्या मीटिंगमध्ये त्याचं कौतुक झालं, की चाकणच्या संकटात ड्रायव्हर त्याने एका दिवसात सुरक्षित केला. दिवाळीआधी त्याला टीम मिळाली. माझ्या जागी आता जी आहे ती माझीच धाकटी बहीण म्हणा. बिचारी मन लावून काम करते. तिच्या नकारांच्या तांबड्या खुणाही होत नाहीत, कारण तक्त्याचा तो कायदा आता बदलला आहे.

चाकणला अर्जुनरावांनी एक माणूस बोलावून तेरावर रंग मारून घेतला आणि आठ लिहून घेतला. वीस मिनिटं लागली. धोंडीबा तेवढा वेळ पाठ करून उभे होते.

दसऱ्याला यादी लागली. यादीत एहसान नव्हता. 'वारंवार चुकीची नोंद' असा शेरा त्याच्या कागदावर बसला होता, आणि पुढच्या ठेकेदाराने तो शेरा वाचून त्याला नवं कार्ड दिलंच नाही. जाताना तो पेटीपाशी आला. मला वाटलं, काहीतरी बोलेल. त्याने कीबोर्ड काढला, तार गुंडाळली आणि तो स्टोअरमध्ये जमा करून पावती घेतली. यावेळी नावावर काही राहू नये याची त्याने फार काळजी घेतली.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणीतरी मोठेपणी असे प्रोग्रॅम लिहील. तेव्हा माझं एवढं ऐका. बाहेरून आलेला आकडा तपासल्याशिवाय आत घेऊ नका. वर कुणीतरी तपासलं असेल, असं मनाशी म्हणू नका. जाऊन विचारा. जी ओळ सारखी नाही म्हणते, तिला काढण्याआधी ती कुणाला नाही म्हणते आणि का, ते बघून या. चाकण हिंजवडीपासून फार लांब नाही. आणि माणसं चुकणार, हे धरूनच लिहा. जो चुकतो त्याच्यासाठीच आमच्यासारख्या ओळी असतात. त्याला पकडायला नव्हे.

आता कुणाच्या पदरात काय पडलं, ते सांगून थांबते. फॉर्मवाल्यांना कुणी काही विचारलंच नाही. विजयश्रीला त्या शुक्रवारी कॅब मिळाली आणि ती सहाच्या आत घरी पोचली. सुजितला खुर्ची मिळाली. अर्जुनरावांचा रकाना शनिवारी वेळेत भरला. मला कोपरा मिळाला, त्याबद्दल तक्रार नाही, जुन्या ओळींचं तेच होतं. एहसान आता महाळुंग्याच्या एका कंपनीत कंत्राटी आहे. परवा त्याच्या जागी आलेल्या गणराजला धोंडीबा सांगत होते, की तिकडेही कायम करतात, पण सलग पाच वर्षं भरल्यावर. एहसानच्या कार्डावर रुजू झाल्याची तारीख गेल्या महिन्यातली आहे.